टबासाठी सुटे ॲसिड विकू नये

घरी गरम पाण्याचा टब बसविणाऱ्याला पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखावा लागतो. आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बोअरचे पाणी क्षारयुक्त. त्यात टबातील फवाऱ्यांनी कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढत राहतो. मग क्लोरीनचा जोर ओसरतो व हीटरवर क्षारांचा थर बसतो.

यावर माल दोन प्रकारचा आहे. हायड्रोक्लोरिक ॲसिड स्वस्त, पण त्याचा धूर डोळ्यांना व छातीला जाचतो. सोडियम बायसल्फेटची भुकटी महाग, पण मोजून टाकायला सोपी. घरगुती टबासाठी आम्ही भुकटीचीच शिफारस करू. लिंबूसत्व मात्र नको. ते क्लोरीन खाते.

दुकानदार बांधवांना आमची विनंती आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये किरकोळ ॲसिडविक्रीसाठी ओळखपत्र व नोंदवही आवश्यक केली. तरीही पाण्याच्या जुन्या बाटलीत सुटे ॲसिड भरून देणे ना कायद्याला धरून आहे, ना इमानदारीला. दोहोंपैकी कोणताही माल ब्लीचिंग पावडरीत मिसळला तर विषारी क्लोरीन वायू निघतो, हे गिऱ्हाइकाला सांगूनच द्यावा. त्यात नफा दोन पैसे कमी झाला तरी चालेल. गिऱ्हाईक सुखरूप राहिले तर दुकानही राहील.