न्यायमूर्ति रानडे आणि कुळाचा कागद

महादेव गोविंद रानडे यांजवर लेख अगर व्याख्यान म्हटलें कीं त्याचे दोनच सांचे आतां शिल्लक उरले आहेत. एकांतून शांत, क्षमाशील, सर्वांस वंद्य असा ऋषि बाहेर पडतो. दुसऱ्यांतून एक कचखाऊ गृहस्थ. ऋषि घडविणारे त्यांच्या ईश्वरनिष्ठेच्या गोष्टी सांगतात. कचखाऊ गृहस्थ घडविणारे सांगतात कीं विधवाविवाहाच्या या कैवाऱ्यानें पहिली पत्नी वारतांच १८७३ सालीं वडिलांच्या इच्छेपुढें मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न लाविलें, आणि १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्याबद्दल पुढें प्रायश्चित्तही केलें. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांवर पांघरूण घालण्याची आमची इच्छा नाहीं. आमचें भांडण निराळें आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ आम्ही या पुरुषाच्या माजघरांत डोकावत बसलों आहों. तो रोज सकाळीं कोणत्या कामास जात असे, हें विचारण्याची कोणास गरज भासलेली नाहीं.

ज्या ‘न्यायमूर्ति’ पदवीनें आपण त्यांस ओळखतों ती त्यांस १८९३ सालीं, काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या अकालीं मृत्यूनें हायकोर्टांतील जागा रिकामी झाली तेव्हां मिळाली. १६ जानेवारी १९०१ रोजीं ते वारले. म्हणजे हायकोर्टाचें न्यायासन त्यांस जेमतेम सात वर्षें लाभलें. त्यापूर्वीचीं बावीस वर्षें, १८७१ सालीं पुण्यास दुय्यम न्यायाधीश म्हणून आल्यापासून, त्यांनीं बहुतांशीं खालच्या पायऱ्यांवर काढलीं. रानड्यांतील मुत्सद्दी घडला तो याच पायऱ्यांवर, कुळ आणि सावकार यांच्या कागदांच्या ढिगाऱ्यांत, असें आमचें म्हणणें आहे. ‘न्यायाधीश म्हणून ते मोठे होते, आणि शिवाय अर्थशास्त्र, इतिहास व राजकारण यांतही त्यांस गति होती,’ हें जें पाठ्यपुस्तकी वाक्य आम्हीं वर्गावर्गांतून घोकून घेतों, त्यांतील ‘शिवाय’ हा शब्द खोटा आहे.

तो कागद काय होता हें आधीं पाहिलें पाहिजे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा; परिणाम उलटा. मुदत भरत आली कीं सावकार कुळास बोलावी, चढलेलें व्याज मुद्दलांत मिळवी आणि नवा रोखा लिहून घेई. तीन वर्षांनीं पुन्हां तेंच. व्याज मुद्दलापलीकडे जाऊं नये हा दामदुपटीचा जुना न्याय या युक्तीपुढें पांगळा ठरला. कारण प्रत्येक नव्या रोख्यांत कालचें व्याज आजचें मुद्दल होऊन बसे. कोर्टांत रोखा आला, त्यावरची निशाणी कबूल झाली, कीं हुकूमनामा. त्या कागदाच्या पाठीमागें मूळ किती रुपये होते हें विचारण्याचें न्यायाधीशास प्रयोजन नसे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुळें उठलीं आणि दंगा अहमदनगर जिल्ह्यांतही पसरला. त्या दंग्यांत रक्तपात फारसा झाला नाहीं. दंगेखोरांस रोखे हवे होते. ते हातीं पडले कीं ते जाळून टाकीत.

सरकारनें चौकशीचें कमिशन बसविलें, आणि १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. त्याचा गाभा एका वाक्यांत सांगतां येतो: न्यायाधीशानें रोख्याच्या मागें जावें. पहिल्या व्यवहारापासून हिशेब उकरून काढावा, मुद्दल व व्याज वेगळें मांडावें, हप्ते बांधून द्यावे. पैशाच्या कर्जासाठीं कुळास तुरुंगांत घालूं नये. स्पष्टपणें गहाण न दिलेली जमीन विकूं नये. शिवाय गांवच्या पातळीवर तडजोड घडविणारे पंच आणि ग्राममुन्सफ नेमावे. कुळांनीं जो कागद जाळला होता तो वाचण्याचें काम कायद्यानें न्यायाधीशाकडे दिलें.

आतां योगायोग पाहा. याच १८७९ सालीं, वासुदेव बळवंत फडक्यांचें बंड आणि पुण्यांतील वाड्यांना लागलेल्या आगी यांच्या संशयकल्लोळांत, सरकारनें रानड्यांस तडकाफडकीं धुळ्यास बदलून टाकिलें. तेथें त्यांचीं पत्रें फोडून वाचलीं जात, हें रमाबाईंनीं आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे. ज्याचीं पत्रें फोडलीं त्याच मनुष्याकडे, संशय फिटल्यावर, दोन वर्षांच्या आंत या नव्या कायद्याच्या अंमलबजावणीवरील देखरेखीचें काम आलें: आधीं डॉक्टर पोलन यांचे सहायक म्हणून, आणि १८८७ पासून स्वतः खास न्यायाधीश म्हणून. चार जिल्ह्यांतून फिरतीवर राहावें, दुय्यम कोर्टांचीं दप्तरें तपासावीं, पंच व मुन्सफ यांचीं कामें पाहावीं, चुकलेला निवाडा दुरुस्त करावा, असें हें काम. रमाबाईंच्या पुस्तकांतील या फिरतीचीं पानें आमचे वाचक संसारचित्र म्हणून वाचतात. त्यांत एक न्यायाधीश गांवोगांव कुळाच्या दाराशीं जात आहे, हें मात्र नजरेंतून सुटतें.

सरकारी नोकर असतां सार्वजनिक सभेचीं सूत्रें पडद्याआडून हालविणें हा दुटप्पीपणा, असा एक आक्षेप नेहमीं येतो. सभेच्या त्रैमासिकांतील शेतसारा, पीककर्ज व जमीनविक्री यांवरील लेख ज्यानें वाचले असतील त्यास हा आक्षेप हास्यास्पद वाटेल. कोर्टांत जें दिसलें तेंच तेथें उतरलें आहे. न्यायाधीश राहून त्यांनीं राजकारणास पुरावा पुरविला. न्यायासनाच्या बळावर पुढें राजकीय पद मिळविलें नाहीं. निवृत्तीनंतर राज्यपालपद अगर राज्यसभेची जागा स्वीकारणारे सरन्यायाधीश आपण एकविसाव्या शतकांत पाहिले. ‘न्यायाधीश आणि मुत्सद्दी’ या जोडशब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांपासून किती दूर आहेत!

याहून जड आक्षेप असा कीं कायदा फसला. सावकारानें गहाणखत सोडून खरेदीखत लिहून घेण्यास आरंभ केला. तोंडी बोली परतीची, कागद मात्र कायम विक्रीचा. हें खरें आहे, आणि म्हणूनच पुढें दुरुस्ती करून खरेदीखताच्याही मागें जाण्याची मुभा कोर्टांस द्यावी लागली. परंतु यावरून कायद्याचें तत्त्व चुकलें होतें असें ठरत नाहीं. तें अपुरें नेलें गेलें, एवढेंच ठरतें.

आणि आमच्याकडे तर तें आलेंच नाहीं. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यांत असला तरी मुंबई इलाख्याबाहेर. त्यामुळें हा कायदा आम्हांस लागू नव्हता. इकडे अमेरिकेंतील यादवी युद्धानें कापसाचे भाव चढले, १८७० सालीं जलंबहून खामगांवापर्यंत खास कापसासाठीं आगगाडीचा फांटा आला, आणि वडनेर भोलजीच्या काळ्या जमिनीवर उसनवार पैसा पावसासारखा पडला. पाऊस ओसरल्यावर राहिले ते रोखे. मध्यप्रांतांत कर्जतडजोडीचा कायदा येण्यास १९३३ साल उजाडावें लागलें. २००६ सालीं पंतप्रधानांनीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांस मदत जाहीर केली त्यांत बुलढाणा होता. आणि २०१० च्या डिसेंबरांत, याच जिल्ह्यांतील सावकारीच्या एका तक्रारीची नोंद पोलिसांनीं करूं नये म्हणून मंत्रालयांतून दडपण आलें, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्र शासनावर दहा लाख रुपयांचा भुर्दंड बसविला. रानडे हा पुण्याचा विषय, आपणांस त्याचें काय, असें म्हणणाऱ्या आमच्या वऱ्हाडी मित्रांनीं तो निकाल एकदां वाचावा.

रानड्यांचें सारेंच आम्हांस मान्य आहे असें मात्र कोणीं समजूं नये. जमीन काटकसरी व भांडवलदार वर्गाच्या हातीं जाण्याचा ओघ सर्वस्वीं अडवितां येणार नाहीं, आणि लहान कुळांबरोबर मोठे जमीनदारही देशास हवेत, असें त्यांनीं लिहिलें आहे. हें मत ज्याची पांच एकर ओघांत वाहून गेली त्याच्या तोंडावर म्हणून दाखवावें! परंतु त्यांच्यावर टीका करणारे चहाचा पेला उगाळीत बसतात आणि ही खरी टीकेची जागा मोकळी सोडतात. शिवाय याच रानड्यांस एक गोष्ट पक्की ठाऊक होती: सावकाराचा हात नुसता बांधला तर कर्ज आटतें, आणि पेरणीच्या वेळीं कुळ उघडें पडतें. म्हणून त्यांनीं शेतकी पेढ्यांचा पुरस्कार केला. पुरंदर तालुक्यांत अशी पेढी काढण्याची वेडरबर्न यांची योजना मुंबई व हिंदुस्थान या दोन्ही सरकारांनीं उचलून धरली असतां लंडनला भारतमंत्र्यांनीं ती मारली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला १९०४ सालीं, रानड्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं. आमच्या जिल्ह्यांतील सहकारी पतपुरवठ्याचें पुढें काय झालें तें येथील शेतकऱ्यास सांगावयास नको.

२०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमानें, सावकारीच्या ओघांत बळकावलेली जमीन परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास दिला आहे. म्हणजे खरेदीखताच्या मागें जाण्याची वाट कागदोपत्रीं खुली आहे. खास न्यायाधीश रानडे इंदापूर-शिरूरच्या वाटांनीं कुळाकडे जात. वडनेर भोलजीच्या कुळास निवाड्यासाठीं घाट चढून बुलढाण्यास जावें लागतें, तारखा घ्याव्या लागतात, आणि तोंवर सात-बारावर नांव सावकाराचें असतें.