एका षटकाचे धनी

भातकापणी आटोपली की रायगडच्या किनारपट्टीवर, उरणपासून थेट मुरुडपर्यंत, टेनिस बॉल क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. मोकळ्या झालेल्या शेतांत खेळपट्ट्या तयार होतात, रात्री प्रकाशझोत लागतात आणि गावोगावचे संघ बक्षिसांसाठी झुंजतात. सामना मोजक्याच षटकांचा असल्याने शेवटचे षटक टाकणाऱ्या गोलंदाजाला येथे वेगळाच भाव असतो. यॉर्करवर हुकमत आणि थंड डोके एवढ्या भांडवलावर त्याला शेजारच्या गावाकडूनही बोलावणे येते.

२०२४ मध्ये ठाण्यात इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली आणि याच टेनिस बॉल क्रिकेटला चित्रतारकांच्या मालकीचे संघ, लिलाव आणि दूरचित्रवाणीचे प्रेक्षक लाभले. एकदा निवड झाली की आयुष्य मार्गी लागले, असे तरुण गोलंदाजांना वाटू लागले तर नवल नाही. ही समजूत कितपत खरी, हे पडताळण्यासाठी एका भारतीय खेळाडूची कारकीर्द पुरेशी बोलकी आहे. मात्र ती क्रिकेटमधली नव्हे, बेसबॉलमधली आहे.

उत्तर प्रदेशातील भदोही जिल्ह्याचा रिंकू सिंग (क्रिकेटपटू रिंकू सिंग निराळा) हा मूळचा भालाफेकपटू. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या चेंडूफेकीच्या स्पर्धेत तो पहिला आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला व दिनेश पटेलला करारबद्ध केले. त्याआधी दोघांनीही बेसबॉल खेळलेला नव्हता. पुढे २०१४ मध्ये यावर हॉलिवूडचा चित्रपटही निघाला. चित्रपट करारापाशी सुखान्त होतो. खरी कहाणी तेथून पुढे सुरू होते.

रिंकूच्या वाट्याला मुख्यतः रिलीफ पिचरची, म्हणजे बदली गोलंदाजाची भूमिका आली. सुरुवातीचा पिचर थकला किंवा मार खाऊ लागला की याला पाचारण करायचे. क्रिकेटमध्ये बाजूला केलेला गोलंदाज पुन्हा चेंडू हाती घेऊ शकतो; बेसबॉलमध्ये सामन्यातून काढलेल्या खेळाडूला परत येता येत नाही. त्यामुळे रिलीफ पिचरचा सारा हिशेब थोडक्या चेंडूंत होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणे येण्याची तयारी ठेवावी लागते. दिनेशला पायरेट्सने २०१० मध्ये मुक्त केले. रिंकू मात्र फ्लोरिडातील नवशिक्यांच्या साखळीतून पायरी-पायरीने वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या संघापर्यंत चढला. मधल्या काळात ऑस्ट्रेलियातही खेळला. मेजर लीग तेथून अजूनही बरीच वर होती.

२०१३ पासून दुखापतींनी गाठले. कोपराच्या अस्थिबंधावर शस्त्रक्रिया झाली, हंगामामागून हंगाम वाया गेले आणि तो मैदानावर परतलाच नाही. २०१८ मध्ये त्याने डब्ल्यूडब्ल्यूईशी करार केला; व्यावसायिक कुस्तीत तो 'वीर महान' म्हणून ओळखला गेला.

हे अपयश म्हणायचे काय? ज्याने विशीपर्यंत बेसबॉल हातात धरला नव्हता, तो अमेरिकेतील व्यावसायिक संघात काही वर्षे टिकला. ते केवळ वेगवान हातामुळे घडले नाही. प्रशिक्षक, व्यायामाचा आराखडा, कोणी किती चेंडू टाकले याची नोंद आणि दुखापतीनंतरचे उपचार अशी यंत्रणा तेथे खालच्या साखळीतही असते. ती व्यवस्था उदार होती असे मात्र नाही. मायनर लीगमधील तुटपुंज्या वेतनाबद्दल वर्षानुवर्षे ओरड होती आणि त्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार २०२३ मध्ये झाला.

रायगडच्या किनाऱ्यावरील गोलंदाजापाशी हात आहे, षटकही आहे. परंतु त्याखालचे काहीच नाही. लीगच्या लिलावात मोजक्याच खेळाडूंना जागा मिळते. उरलेले हंगामभर या मैदानावरून त्या मैदानावर, सराव किंवा विश्रांतीचा कोणताही हिशेब न ठेवता चेंडू टाकत राहतात. टेनिसचा चेंडू हलका असल्याने त्याला वेग देताना खांद्यावर येणारा ताण कोणी मोजत नाही. स्पर्धेच्या पत्रकावर प्रवेश फी आणि बक्षिसाची रक्कम ठळक छापलेली असते. त्याच पत्रकावर खेळाडूंच्या विम्याची एक ओळ वाढवणे आयोजकांना जड जाऊ नये. सध्या तरी खांदा निखळला तर एक्स-रेपासूनचा खर्च बहुधा घरच्यांनाच उचलावा लागतो, आणि पुढच्या रविवारी शेवटचे षटक दुसराच कोणी टाकतो.