प्लॅन वाढवण्याआधी तारा मोजा

नॅसवर फाइल टाकताना स्क्रीनवर सेकंदाला ११ एमबी हा आकडा येतो आणि तिथेच ठाण मांडून बसतो, असं तुमच्याकडे होत असेल, तर कृपा करून इंटरनेटचा प्लॅन वाढवू नका. नवा नॅसही घेऊ नका. आधी भिंतीतली तार बघा.

मी साताऱ्यात लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करतो. खाली स्टुडिओ, वर घर, आणि वरच्या खोलीत कपाटावर चार डिस्कचा नॅस, म्हणजे घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा सामाईक साठा. हळदीपासून वरातीपर्यंत दोन-तीन कॅमेरे फोरकेमध्ये चालले की एका लग्नाचा माल ४०० जीबीच्या घरात जातो. सेकंदाला ११ एमबीने तो वर चढायला दहा तास लागतात, ११० ने तासभर. सीझनला आज लग्न, उद्या साखरपुडा, मेमरी कार्डं मोजकी, आणि नवरदेवाचा भाऊ सकाळी आठला फोन करून विचारतो, ‘दादा, टीझर कधी?’ त्यामुळे हा फरक माझ्या पोटापाण्याचा आहे. पण नॅस आता फक्त आमच्या धंद्यात राहिलेला नाही. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजने अमर्याद फुकट साठवण बंद केली, त्यानंतर माझ्या ओळखीतल्या डॉक्टर-मास्तरांनीही मुलांच्या फोटोंसाठी तो घेतलाय.

वेग मिळत नाही म्हणून इंटरनेटवाल्यांना विचारलं, तर ते ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या म्हणाले. दुकानदार म्हणाला, मशीन जुनी झाली. ज्याच्याकडे जे विकायला आहे, तोच त्याचा सल्ला! घरातल्या घरात फाइल जाते तेव्हा ती इंटरनेटवर जातच नाही. राउटरमधून बाहेरची वायर उपसून टाका, कॉपी त्याच चालीने सुरू राहते. ही साधी परीक्षा मला कस्टमर केअरच्या कुणीही सांगितली नाही.

११ हा आकडा मात्र पुष्कळ सांगतो. लॅनचा, म्हणजे घरातल्या नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये मोजतात, फाइलचा मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. १०० मेगाबिटला आठने भागलं की साडेबारा, आणि डेटा ज्या पाकिटांतून जातो त्यांच्या पत्त्या-शिक्क्यांत थोडं गेलं की हाती उरतात साधारण ११. हजार मेगाबिटच्या, म्हणजे गिगाबिटच्या जोडणीत तेच ११० ते ११५ होतात. डिस्क कुरकुरत असेल किंवा वायफाय कमजोर असेल, तर वेग हेलकावे खातो. अकरावर तासन्‌तास स्थिर राहिला, तर वाटेत कुठेतरी जोडणी १०० वर उतरली आहे, असं बहुतेक वेळा खुशाल समजावं. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड १०० की १००० हे सरळ लिहिलेलं असतं. खात्री करायची असेल तर आयपर्फ नावाचा फुकट प्रोग्रॅम दोन्ही टोकांना चालवावा. तो डिस्कला हात न लावता फक्त नेटवर्क मोजतो. आकडा ९४ मेगाबिटच्या आसपास आला तर तारेकडे बघा, ९४० च्या आसपास आला तर डिस्ककडे.

माझ्याकडे दोष निघाला भिंतीवरच्या पेटीत. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. वायरिंग करणाऱ्याने त्यातल्या चार एका सॉकेटला दिल्या आणि उरलेल्या चार शेजारच्या खोलीच्या सॉकेटला. एका केबलमध्ये दोन पॉइंट! १०० मेगाबिटला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. चारच मिळाल्या की दोन्हीकडची यंत्रं आपसात ठरवून मुकाट १०० वर येतात. ना लाल दिवा, ना सूचना. त्याला बोलावलं तर म्हणाला, ‘दादा, नेट चालतंय की!’ चालत होतंच. याच माणसाने घरभर अर्थिंग इतकं चोख केलंय की नाव ठेवायला जागा नाही. अर्थिंग तपासायला लोक येतात, आठ तारा तपासायला कुणी येत नाही.

आठही तारा एका सॉकेटला आल्यावर व्हिडिओ ११० ने पळू लागले. अल्बमच्या सॉफ्टवेअरची हजारो इवली प्रिव्ह्यू चित्रं तरीही रांगतच जातात. तो तारेचा दोष नव्हे. प्रत्येक फाइल उघडणं, नाव नोंदवणं, बंद करणं, यातच वेळ जातो. त्यांची एक झिप करून पाठवावी. कॉपी सुरुवातीला सुसाट आणि काही जीबींनंतर एकदम मंद होत असेल, तर डिस्कवर संशय घ्यावा. काही डिस्कमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. जागा वाढते, पण जुन्यावर पुन्हा लिहायला वेळ लागतो. २०२० मध्ये नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क अशा असल्याचं ग्राहकांनी शोधून काढलं, तेव्हा कुठे मॉडेलांची यादी जाहीर झाली.

‘घरात एवढा वेग हवाय कुणाला?’ असं विचारतात. फोनवर मालिका बघायला १०० पुष्कळ झाले, हे मान्य. पण आज लोक २०० आणि ३०० एमबीपीएसच्या प्लॅनचे पैसे मोजताहेत. चार तारांच्या सॉकेटला टीव्ही किंवा कॉम्प्युटर जोडला, तर त्यातले शंभरही पुरते पोहोचत नाहीत. काही राउटरच्या खोक्यांचंही तेच. पुढे ठळक अक्षरांत १२०० एमबीपीएस, तो वायफायच्या दोन्ही बँडची बेरीज करून आलेला आकडा. केबलची भोकं मात्र १०० चीच, आणि ते मागच्या बाजूला बारीक टाइपात ‘१०/१००’ असं. तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटचं मानक १९९९ मध्ये आलं. एवढ्या वर्षांनीही जुनी भोकं नव्या खोक्यात विकायची असतील तर विका बापडे, पण पुढच्या बाजूला लिहा. फ्रिजवर वीजबचतीचे तारे दाखवायला लावता येतात, तर राउटरच्या पोर्टचा वेग ठळक छापायला लावणं सरकारला जड नाही.

बिल्डरकडूनही एवढं मागून घ्या. फ्लॅटचा ताबा घेताना आपण नळ सोडून बघतो, दिवे लावून बघतो. त्याच वेळी प्रत्येक लॅन पॉइंटला केबल टेस्टर लावायला सांगा. काही शे रुपयांत मिळतो, इलेक्ट्रिशियनकडे नसेल तर आपला न्यावा. एक ते आठ सगळे दिवे ओळीने लागल्याशिवाय ताब्याच्या कागदावर सही करू नका.