विश्लेषण : बास मासेमारीसाठी १०० डॉलरचे रीळ पुरेसे का ठरते?

अमेरिकेत वसंत ऋतूत पाणी तापू लागले की लार्जमाउथ बास अंडी घालण्यासाठी उथळ पाण्यात येतो आणि त्याच्या मागोमाग हौशी गळवालेही तळ्याकाठी दिसू लागतात. टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही शनिवार-रविवारी मुलांना घेऊन तळ्यावर जाणारे आहेत. परवाना ऑनलाइन मिळतो, काठीही लवकर पसंत पडते. गाडी अडते ती रिळापाशी. बाजारात २० डॉलरचे स्पिनिंग रीळ मिळते आणि ८०० डॉलरचेही. बहुतेकांची नजर ६० ते १३० डॉलरच्या मधल्या पट्ट्यावर असते आणि खरा गोंधळ तिथेच आहे. या पट्ट्यातील खोक्यांवर जे आकडे ठळक छापलेले असतात, त्यांतले बरेचसे खरेदीच्या वेळी निरुपयोगी असतात. जे पाहायला हवे, ते बहुधा छापलेलेच नसते.

स्पिनिंग रीळ वेगळे कसे?

पतंगाची फिरकी आठवावी. मांजा सुटतो तेव्हा फिरकी स्वतः गरगरते. जुन्या पद्धतीचे रीळ आणि आजचे बेटकास्टिंग रीळ याच तत्त्वावर चालते. आमिष हवेत मंदावले आणि स्पूल मात्र त्याच वेगाने फिरत राहिले, की दोऱ्याचा गुंता होतो. स्पिनिंग रिळात स्पूल जागेवरच असते. हातमाग-यंत्रमागावरच्या कांडीवरून सूत टोकाकडून सुटते तसा दोरा स्पूलच्या कडेवरून सुटत जातो; हँडल फिरवले की स्पूलभोवती रोटर फिरतो आणि दोरा पुन्हा गुंडाळला जातो. अशा रिळाचे पेटंट १९०५ मध्ये इंग्लंडच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी घेतले. ते वस्त्रोद्योगातले होते, यात नवल वाटायला नको.

या रचनेचा फायदा हलक्या आमिषाला होतो. पाच-सात ग्रॅमचे आमिष जड स्पूल फिरवू शकत नाही. कडेवरून सुटणारा दोरा मात्र ते सहज ओढून नेते. त्यामुळे दाट वनस्पतींतून मोठा मासा खेचायला अमेरिकी गळवाले बेटकास्टिंग वापरतात, आणि स्वच्छ पाण्यात, बारीक दोऱ्यावर, ड्रॉप शॉट किंवा नेड रिगसारख्या नाजूक पद्धतींना स्पिनिंग. लेक ईरीसारख्या उत्तरेकडच्या सरोवरांत स्मॉलमाउथ बास पकडणाऱ्यांचे तर स्पिनिंगवाचून चालत नाही. म्हणजे बासच्या स्पिनिंग रिळावर साधारण ६ ते १० पौंड ताकदीचा दोरा असणार, हे आधीच ठरलेले आहे. पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीवरून मांडावा.

बेअरिंग मोजून काय हाती लागते?

फारसे काही नाही. मोबाइलवर रिळाचे पान उघडले की सर्वांत आधी दिसतो तो बेअरिंगचा आकडा : ४+१, ९+१, १२+१. यातला शेवटचा ‘+१’ म्हणजे हँडल उलटे फिरू न देणारे एकदिशा बेअरिंग. बाकीचे आत कुठे बसवले आहेत, त्यांना गंजरोधक आवरण आहे की नाही, याबद्दल आकडा काहीच सांगत नाही. शिमानोच्या नास्की या सुमारे १०० डॉलरच्या रिळात ४+१ बेअरिंग असतात. पफ्लूगरच्या प्रेसिडेंटमध्ये जवळपास दुप्पट, आणि ते स्वस्त आहे. शिमानोचेच स्ट्रॅडिक २०० डॉलरच्या वर जाते, तिथे आकडा ६+१. आकड्यावरून दर्जा ठरत असता तर या तिघांचे भाव उलटेपालटे झाले असते. प्रेसिडेंट वाईट रीळ आहे असे नव्हे. त्याच्या किमतीत ते उत्तमच आहे, पण त्याचे कारण बेअरिंगची संख्या नाही. आणि १५०० रुपयांच्या अनोळखी रिळावर ‘१२+१’ दिसले, तर तो आकडा पुढे नेण्याचे कारणच ठरावे.

ड्रॅगचा दावा दहा किलोचा, गरज एक किलोची

ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक. मासा जोरात पळाला तर दोरा तुटण्याऐवजी स्पूल थोडे सरकते, दोरा सुटतो, मासा दमतो. स्पूलच्या आत एकावर एक ठेवलेल्या चकत्या असतात आणि वरची मूठ आवळली की त्यांचे घर्षण वाढते. मधल्या किमतीच्या २५०० आकाराच्या रिळांवर कमाल ड्रॅग ९ किंवा १० किलो असा छापलेला असतो.

आता हिशेब पाहू. आठ पौंडी दोरा म्हणजे सुमारे ३.६ किलोला तुटणारा. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा ठेवावा, असा जुना संकेत आहे, कारण गाठीपाशी दोरा कमजोर होतो आणि मासा झटका देतो. म्हणजे प्रत्यक्षात वापरायचा ड्रॅग ०.९ ते १.२ किलो. खोक्यावरच्या दहा किलोपर्यंत मूठ आवळायची वेळ कधी येतच नाही. त्याआधीच दोरा गेलेला असेल. लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रमच मुळी दहा किलोंच्या आसपास आहे : १९३२ मध्ये जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी पकडलेले मासे. दोघांतला फरक इतका कमी की विक्रम संयुक्त ठरला. रोजच्या तळ्यात गळाला लागतो तो अर्धा ते दोन किलोंचा.

मग ड्रॅगकडे दुर्लक्ष करावे का? उलट, मधल्या पट्ट्यात सर्वाधिक पैसे तिथेच मोजावेत. प्रश्न ताकदीचा नसून सुरुवातीचा आहे. स्वस्त रिळाचा ड्रॅग आधी अडून बसतो आणि मग एकदम सुटतो. स्थिर स्पूलला हलवायला लागणारा जोर, ते चालू ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा बराच जास्त असतो. सहा पौंडी दोऱ्यावर स्मॉलमाउथ नावेखाली खोल बुडी मारतो, तेव्हा त्या अडण्याच्या क्षणातच दोरा तुटतो. चांगला ड्रॅग तेल घातलेल्या बिजागरीच्या दारासारखा पहिल्या बोटभर सरकण्यापासूनच एकसारखा चालतो. खाली उतरत गेले की हा गुण झपाट्याने कमी होतो. ३० डॉलर आणि १०० डॉलरच्या रिळातला फरक इथे हाताला कळतो. १०० आणि ३०० मधला मात्र बासच्या मासेमारीत क्वचितच.

रीळ झिजते कशाने?

मोठ्या माशाने नाही. बासच्या मासेमारीत दिवसाला शेकडो वेळा आमिष फेकले जाते आणि तितक्याच वेळा गुंडाळले जाते. मासे मात्र चार-पाच मिळाले तरी दिवस चांगला गेला म्हणायचे. रीळ झिजते ते या नुसत्या फिरवण्याने. सगळ्यांत आधी बिघडतो लाइन रोलर, म्हणजे दोरा ज्यावरून वळून स्पूलवर येतो ती छोटी चकती. ती फिरेनाशी झाली की दोरा घासला जातो, त्याला पीळ पडतो आणि दोष दोऱ्यावर जातो. त्यामुळे बारा बेअरिंग कुठेही असण्यापेक्षा एक चांगले बेअरिंग या रोलरमध्ये असणे अधिक मोलाचे.

दुसरा मुद्दा ताठपणाचा. रिळाचे अंग वजनाखाली वाकले की आतले दाते नीट जुळत नाहीत आणि काही महिन्यांत हँडल खरखरू लागते. अॅल्युमिनियमचे अंग ताठ पण जड, कार्बन मिसळलेले प्लास्टिक हलके. चांगले बनवलेले प्लास्टिक बासला पुरते. या आकाराचे रीळ दोनशे ते अडीचशे ग्रॅमच्या दरम्यान असावे, एवढे पाहिले तरी बस्स. हँडल थेट स्क्रूने आत बसणारे असेल तर उत्तम. आरपार दांडीचे घडीचे हँडल कालांतराने डुगडुगते.

२५०० की ३०००?

बाससाठी दोन्ही चालतात. मात्र हा आकडा सर्व कंपन्यांचा सारखा नसतो. एकीचे २५०० दुसरीच्या ३००० च्या जवळ जाते. गिअर रेशोचेही तसेच. छोट्या स्पूलचा ६:१ आणि मोठ्या स्पूलचा ५:१ एका फेऱ्यात जवळपास सारखाच दोरा ओढतात, साधारण पाऊण मीटर. म्हणून रेशो न पाहता ‘एका फेऱ्यात किती दोरा’ हा आकडा शोधावा. तो ७५ ते ९० सेंटीमीटर असला की पुढे विचार करायचे कारण नाही.

दुकानात काय तपासावे?

नवे रीळ मऊ फिरते म्हणून भुलू नये. त्यात भरलेले घट्ट ग्रीस बरेच दोष लपवते. हँडल पुढे फिरवून झटकन मागे ढकलावे. मागे जराही खेळ असू नये. मग ड्रॅगची मूठ हलकीशी आवळून स्पूल बोटांनी हळूहळू फिरवावे. ते अडून एकदम सुटले, तर रीळ ठेवून द्यावे, मग भाव काहीही असो. रोटर वेगाने फिरवून हाताला थरथर जाणवते का पाहावे. ‘बेल’ नावाची तारेची कमान हाताने मिटून पाहावी. ती ठामपणे बसली पाहिजे. मासे पकडतानाही ती हँडल फिरवून नव्हे, तर हातानेच मिटावी, म्हणजे दोऱ्यात ढिले वेटोळे पडत नाही.

फोनवरून मागवणाऱ्याला यातले काहीच करता येत नाही. त्याने परत करण्याची मुदत आणि सुटे भाग मिळतात का, हे दोन मुद्दे वाचावेत. वापरणाऱ्यांच्या अभिप्रायांत ‘पहिल्याच दिवशी मस्त’ छापाची वाक्ये सोडून वर्षभरानंतर लिहिलेले शोधावे.

दुप्पट पैसे मोजावेत का?

आठवड्यात तीन-चार दिवस पाण्यावर असणाऱ्याने जरूर मोजावेत. दोनशे डॉलरचे रीळ जास्त वर्षे घट्ट राहते, वजनाला हलके असते आणि दिवसभराच्या फेकीनंतर मनगटाला तो फरक कळतो. महिन्यातून दोनदा जाणाऱ्याने वरचे शंभर डॉलर काठीवर आणि दोऱ्यावर घालावेत. बारीक ब्रेडेड दोरा आणि पुढे आठ-दहा फूट फ्लुरोकार्बन, ही जोडी साध्या रिळाचीही फेक वाढवते. ब्रेडेड दोरा उघड्या धातूच्या स्पूलवर घसरतो आणि मासा लागल्यावर सगळे भेंडोळेच फिरते. म्हणून खाली थोडा साधा नायलॉनचा तंगूस गुंडाळावा. या घसरण्यालाच ‘ड्रॅग खराब’ समजून रीळ परत करणारे कमी नाहीत. स्पूल काठोकाठ भरू नये, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली थांबावे.

अमेरिकेत रिळाच्या किमतीत आणखी एक वाटा दडलेला असतो. मासेमारीच्या साहित्यावर उत्पादक वा आयातदाराकडून साधारण १० टक्के केंद्रीय अबकारी कर घेतला जातो आणि १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने तो पैसा राज्यांच्या मत्स्यसंवर्धनाकडे वळतो. महागड्या रिळाच्या बाजूने देता येईल असा हा बहुधा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद आहे.

हेच रीळ कोकणात चालेल?

सुट्टीला येणारा भाऊ किंवा मामा ‘बासचे रीळ’ बॅगेतून आणतो आणि ते रेवदंड्याच्या किंवा मालवणच्या खाडीवर गरवायला निघते. इथे नावाने घोटाळा होतो. रायगडचा जिताडा, गोव्यातला चोणक, याला इंग्रजीत ‘एशियन सी-बास’ म्हणतात. पण अमेरिकेतला लार्जमाउथ सनफिश कुळातला, गोड्या पाण्यातला मासा आहे. जिताडा त्याच्याहून बराच मोठा होतो आणि लागला की थेट खारफुटीच्या मुळांत घुसतो, जिथे कालवांची धारदार शिंपले दोरा कापायला बसलेली असतात. त्याला अडवायला वीस-तीस पौंडी दोरा आणि ४००० आकाराचे रीळ लागते. वर ज्या कमाल ड्रॅगला निरर्थक म्हटले, तो इथे थोडाफार उपयोगी पडतो.

छोट्या रिळाने खाडीत तांबोशी, शेवटे किंवा लहान जिताडा जरूर गरवता येतो. मात्र गोड्या पाण्यासाठी बनवलेल्या रिळात खारे पाणी सहज शिरते आणि लाइन रोलर पहिल्याच पावसाळ्यात गंजून बसतो. घरी आल्यावर ड्रॅगची मूठ पूर्ण आवळून, म्हणजे चकत्यांत पाणी जाणार नाही अशा बेताने, रिळावरून गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी. बादलीत बुडवू नये आणि नळाचा जोरदार फवाराही मारू नये. त्याने मीठ आणखी आत जाते. सावलीत वाळले की रोलरवर तेलाचा एक थेंब टाकावा आणि मूठ पुन्हा ढिली करून ठेवावी.