‘ताई, मिस्टरांना पाठवा!’

अंगणवाडी सेविका, आशाताई, डबे पोहोचवणाऱ्या बायका, क्लासला जाणाऱ्या मुली... आज लहान गावातसुद्धा कितीजणींचा दिवस स्कूटीच्या किल्लीवर सुरू होतो! एसटीची वेळ आणि आपल्या कामाची वेळ कधी जुळली आहे? पण हीच गाडी बिघडून गॅरेजच्या दारात नेली, की ठरलेलं वाक्य कानावर पडतं, ‘ताई, मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.’ गाडी हिची, आरसी हिच्या नावावर, हप्ते ही भरते आणि समजावून सांगायचं मिस्टरांना!

आमच्या बचत गटातली एक मैत्रीण डबे देते. तिची गाडी सकाळी काही केल्या सुरू होईना. गॅरेजवाल्याने दोन दिवस ठेवून घेतली आणि दोन हजार मागितले. काय बदललं विचारलं तर ‘इंजिनचं काम होतं’. जुने पार्ट? ‘भंगारात गेले.’ बिल म्हणून कागदाच्या चिटोऱ्यावर नुसता आकडा! आठवड्यात गाडी पुन्हा बंद. दुसऱ्या मेकॅनिकने प्लग काढून तिच्या हातावर ठेवला. काजळीने काळाकुट्ट झालेला. शे-सव्वाशेचा नवा प्लग बसवला आणि गाडी सुरू. दोन हजारांत नक्की काय झालं होतं, ते तिला आजतागायत कळलेलं नाही. शिवाय दोन दिवसांचे डबे रिक्षाने पोहोचवले, तो खर्च वेगळाच.

गॅरेजची चांगली सेवा म्हणजे चकचकीत ऑफिस आणि फुकटचा चहा नव्हे. गाडी उघडण्याआधी अंदाजे खर्च सांगणं, आतून आणखी काही निघालं तर हात लावण्याआधी फोन करणं, एवढं झालं तरी निम्मी भांडणं मिटतील. ‘उघडली तेव्हा कळलं’ हे खरंही असतं, नाही असं नाही. पण मग तो फोन का येत नाही? जुना पार्ट दाखवणं तर सर्वांत सोपं. झिजलेला ब्रेक शू नव्याच्या शेजारी ठेवला, की न शिकलेल्या बाईलाही फरक कळतो. बिलात पार्टची किंमत वेगळी आणि मजुरी वेगळी लिहिलेली हवी.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तरी सगळं नीट असतं का? तिथे जॉबकार्ड मिळतं, हे खरं. पण त्यावर पॉलिश, कोटिंग असं न मागितलेलंही कधी कधी लिहिलेलं असतं आणि आपण घाईत सही करून मोकळ्या होतो. वाचून, नको ते खोडायला लावावं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

बिल मागितलं की एक धमकी हमखास मिळते, ‘पक्कं बिल हवं तर अठरा टक्के जीएसटी लागेल.’ मैत्रिणींनो, वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या छोट्या गॅरेजवाल्याला साधारणपणे जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही. नोंदणी नसेल तर त्याला हा कर घेताच येत नाही, साधी पावती मात्र देता येते. आणि नोंदणी असेल, तर बिल देणं त्याचं कामच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा २८ टक्के कर १८ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा ‘कर वाढला’ हे कारणही आता चालायचं नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा, लागू झाला जुलै २०२० मध्ये. सेवेचं बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. पण हातात कागदच नसेल, तर दाद मागायची कशाच्या जोरावर? म्हणून पावतीचा आग्रह.

सगळेच गॅरेजवाले लबाड, असं मी म्हणणार नाही. बिचाऱ्यांची उधारी थकते, शिकलेला पोऱ्या शहरात निघून जातो. आमच्याकडे स्टँडमागे एकजण कार्बन लावून दोन प्रतींत पावती लिहितो आणि जुने पार्ट पिशवीत बांधून देतो. ‘एवढा वेळ कशाला घालवता?’ विचारलं, तर म्हणाला, ‘एका ताईचं समाधान झालं, की तिच्या भिशीतल्या सगळ्या गाड्या माझ्याकडे येतात.’ शनिवारी त्याच्याकडे नंबर लागणं मुश्कील. बसायला एक स्टूल मात्र त्याच्याकडेही नाही, बायका रस्त्यावर उन्हात ताटकळतात. दोनदा सांगून झालंय, आता बघू!