पाणी गेले, आता पाहुणाही जाऊ द्यायचा?



मे महिना सरत आला, वळवाच्या दोन सरी पडल्या, की अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या वाटेवर मोटारींची रांग लागते. मुंबई, नाशिक, पुण्याची माणसे काजवे पाहायला येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभळीच्या झाडांवर काजवे लुकलुकू लागले की रतनवाडी-घाटघरच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा राहत नाही. त्याच दिवसांत जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पाथर्डी-शेवगावात, आपला कोरडवाहू भाऊ कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीसाठी उसनवारी करत दारोदार फिरत असतो. एकाच जिल्ह्यात एकजण बियाण्यासाठी पैसे शोधतो आणि दुसरा अंधार बघायला पैसे मोजतो. भारनियमनाच्या कृपेने अंधार आपल्याकडे वर्षानुवर्षे पडून आहे. तो विकला जातो हे तेवढे आपल्याला कुणी सांगितले नव्हते.

थट्टा बाजूला ठेवू. प्रश्न साधा आहे. इतक्या दुरून आलेला हा माणूस रात्री झोपतो कुठे, जेवतो कुणाच्या हातचे आणि पैसे देतो कुणाला?

भंडारदऱ्याचा इतिहास पाहिला तर या प्रश्नाचे महत्त्व कळेल. प्रवरेवरचे हे धरण इंग्रजांनी १९१० मध्ये बांधायला घेतले आणि १९२६ मध्ये पुरे केले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला दिले. अकरा टीएमसी पाणी साठवणाऱ्या या धरणाने खालच्या भागात उसाचे मळे उभे केले, साखर कारखाने उभे केले. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, तो काठावरचा आदिवासी शेतकरी मात्र वर डोंगरउतारावर नाचणी-वरईच पेरत राहिला. घाटघरला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात तिथल्याच बाया हंडा घेऊन झरा शोधत फिरतात. पाणी त्यांच्या डोळ्यांसमोर अडवले गेले आणि डोळ्यांसमोरच खाली वाहून गेले.

मुक्कामाचेही तेच झाले. साहेबाच्या राज्यात डाकबंगले आणि विश्रामगृहे अधिकाऱ्यांसाठी होती. गावकरी तिथे शिरायचा तो खानसामा म्हणून नाहीतर पहारेकरी म्हणून. स्वातंत्र्यानंतर १९७५ मध्ये पर्यटन महामंडळ आले, पुढे खाजगी हॉटेले आली, आता जलाशयाच्या काठाला तंबूंची वस्ती बसते. मालक बदलले, गावकऱ्याचे काम बदलले नाही. तो अजून चहाच आणून देतो.

पण गेल्या काही वर्षांत एक फरक पडला आहे आणि तो आपण ओळखला पाहिजे. शहरातल्या माणसाला आता सिमेंटच्या खोलीचा कंटाळा आला आहे. ती त्याच्याकडे आहेच. त्याला हवे आहे ते जुने घर. दगडाचे जोते, कारवीच्या कुडाची शेणामातीने लिंपलेली भिंत, वर कौले, पुढे ओटा, आत एका बाजूला गोठा आणि चुलीवरची भाकरी. आजपर्यंत जे घर सोयरे आल्यावर आपल्याला लाज आणत होते, त्याच घरात एक रात्र काढायला तो दोनशे किलोमीटर येतो. सह्याद्रीच्या या कुशीत विसावा घ्यायची कल्पना काही नवी नाही. १६७९ मध्ये जालन्याच्या मोहिमेनंतर खुद्द शिवाजी महाराजांनी अकोले-सिन्नरच्या हद्दीवरच्या पट्टा किल्ल्यावर मुक्काम केला, म्हणून तो विश्रामगड झाला.

जुन्या घरात पाहुणा ठेवायचा हा व्यवहार जगात इतरत्र कसा झाला, ते पाहू. तिथे दोन वाटा दिसतात.

एक वाट इंग्लंड-वेल्सची. तिथे शेतमजुरांची, खाण कामगारांची जुनी दगडी घरे होती. शहरवाल्यांना ती आवडली. १९६५ मध्ये तर पडायला आलेल्या जुन्या इमारती दुरुस्त करून सुट्टीसाठी भाड्याने द्यायच्या आणि त्या भाड्यातूनच त्या जगवायच्या, यासाठी लँडमार्क ट्रस्ट नावाची संस्था निघाली. काम चांगले आहे, इमारती वाचल्या. पण समुद्रकाठच्या आणि डोंगरातल्या कित्येक खेड्यांत शहरच्या पैसेवाल्यांनी घरेच विकत घेतली. भाव असे चढले की गावच्या पोराला गावात घर परवडेना. अखेर एप्रिल २०२३ पासून वेल्समध्ये अशा दुसऱ्या घरांवर नेहमीच्या घरपट्टीच्या वर आणखी तिपटीपर्यंत जादा कर लावायची मुभा स्थानिक मंडळांना द्यावी लागली. घरे राहिली, पण गाव उठले.

दुसरी वाट फ्रान्सची. दुसऱ्या महायुद्धानंतर आल्प्सच्या डोंगराळ भागातले शेतकरी शेती सोडून शहराकडे निघाले होते. रिकाम्या पडलेल्या शेतघरांची दुरुस्ती करायची, ती सुट्टीसाठी भाड्याने द्यायची आणि घर मात्र शेतकऱ्याच्याच मालकीचे ठेवायचे, असा विचार तिथे पुढे आला. १९५१ मध्ये असे पहिले घर उघडले. १९५५ मध्ये घरमालकांचा देशभराचा संघ झाला. घरात सोयी कोणत्या हव्यात, दर्जा कसा ठरवायचा, हे संघाने पाहिले. पाहुणा आला तो शेतकऱ्याचे घर विकत घ्यायला नव्हे, त्याच्याकडे राहायला.

दोन्हीकडे घर जुनेच, पाहुणा शहरचाच. फरक पडला तो मालकी कुणाकडे राहिली यामुळे.

दुसरी वाट आपल्याकडे चालता येते का? अकोले तालुक्यातच पुरुषवाडी आहे. २००६ च्या सुमारास तिथे गावकऱ्यांच्या घरात पाहुणे ठेवायचे काम सुरू झाले. पाहुणा गावात राहतो, जेवणाची पाळी वेगवेगळ्या घरांकडे जाते, वाट दाखवायला गावचाच पोरगा असतो. त्याच तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांचे घर आहे. त्यांनी गावरान बियाणे जपले, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, आणि आज त्यांच्या घरची बियाणे बँक पाहायला दूरदूरची माणसे कोंभाळण्याची वाट विचारत येतात. ना तिथे तलाव, ना हॉटेल. शेतकऱ्याच्या घरात बघण्यासारखे काही असते, एवढे यावरून सिद्ध झाले.

कोणी म्हणेल, हे अकोल्याचे झाले. तिथे कळसूबाई आहे, हरिश्चंद्रगड आहे, सांदण दरी आहे. आमच्या जामखेड-कर्जतच्या माळावर काय बघायला येणार? त्यांनी एक हिशेब करावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव जाहीर झाला क्विंटलला ३,७४९ रुपये. म्हणजे किलोला साडेसदतीस. किलोच्या दहा भाकरी धरल्या तर एका भाकरीच्या ज्वारीचे शेतकऱ्याला मिळतात पावणेचार रुपये, तेही हमीभाव हाती पडला तर. तीच भाकरी हमरस्त्यावरच्या हॉटेलात वीस-पंचवीस रुपयांना ताटात पडते. आणि हुरड्याच्या दिवसांत तीच ज्वारी कणसात असताना, आगटीजवळ बसवून खाऊ घालणारा माणशी काही शे रुपये घेतो. ज्वारी आपली, शेकोटीची गोवरी आपली, थंडी आपली. मग हुरडा पार्टीचा फलक दुसऱ्याचा का? आपल्या गावांत अजून माळवदाची घरे आहेत, खणांचे वाडे आहेत. त्यांच्या चौकटी आणि तुळया जुन्या बाजारात लाकडाच्या भावाने जातात आणि शहरातल्या हॉटेलात शोभेला लागतात. तुळई विकून एकदाच पैसे मिळतात. तुळईखाली पाहुणा झोपवला तर दरवर्षी मिळतात.

आता एक इशारा. शेती तोट्यात गेली की शहाणे लोक शेतकऱ्याला जोडधंदा सांगायला धावतात. कोंबड्या पाळा, म्हशी पाळा, मधमाश्या पाळा. उद्या म्हणतील, पाहुणे पाळा. पाहुणा हा कापसाच्या भावाला पर्याय नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. तोट्यातल्या शेतीला ठिगळ लावण्यासाठी हे करायचे असेल तर करू नका. ठिगळ टिकत नाही. करायचा तर धंदा म्हणून करा आणि धंद्याचे नियम पाळून करा.

पहिला नियम, उत्पादन खर्च काढा. कापसाचा काढायला शिकलो तसा पाहुण्याचाही काढायचा. सरपण, पाणी, टँकर लागला तर टँकर, अंथरूण-पांघरूण, घराची डागडुजी आणि घरच्या माणसांची मजुरी त्यात धरायची. दुसरा नियम, चूल जिची तिच्या हातात पैसा. पाहुणा आला की काम वाढते ते घरच्या बाईचे. पहाटे उठणार ती, भाकरी थापणार ती आणि पैसे मोजणार कारभारी, हे चालणार नाही. तिसरा नियम, संडास-न्हाणी आणि पिण्याचे पाणी चोख हवे. ते आधी घरच्यांसाठी, मग पाहुण्यासाठी. चौथा नियम, दर गावाने बसून ठरवायचा. एकमेकांच्या खाली दर पाडत गेलो तर दलालाचेच फावते, हे बाजार समितीत आपण पाहिले आहे. आणि पाचवा, सगळ्यांत मोठा नियम. जमीन द्यायची नाही. अकोल्याच्या आदिवासी शेतकऱ्याची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी मंजुरीशिवाय घेता येत नाही, १९७४ पासून कायद्याचे तेवढे कुंपण त्याला आहे. आपल्याला तेही नाही. झाडाखालची शांत जागा बघून फार्महाऊसवाला सातबारा मागायला येईल. त्याला रात्रीचा मुक्काम द्या, सातबारा देऊ नका.

सरकारकडे काय मागायचे? सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले. किमान एक एकर शेती असलेल्यालाही त्यात नोंदणी करता येते. धोरण कागदावर ठीक आहे. आपल्याला अनुदान नको, अडवणूक नको. नोंदणी तालुक्याच्या गावी एका खिडकीवर, ठरल्या दिवसांत झाली पाहिजे. स्वतःच्या घरात पाहुणा ठेवायला शेतकऱ्याने दहा टेबले फिरायची गरज नाही. गावापर्यंत रस्ता आणि रात्री वीज ही मागणी तर जुनीच आहे. पाहुणा येवो न येवो, ती आपली आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. गावात जुनी, राहण्याजोगी घरे किती आहेत. त्यांतली किती पडायला आली आहेत. आणि गेल्या दहा वर्षांत गावची किती एकर जमीन बाहेरच्यांच्या नावावर गेली. तिसरा आकडा लिहिताना हात अडखळेल, तरी लिहा.

शंभर वर्षांपूर्वी धरण झाले तेव्हा काठावरच्या माणसाला कोणी विचारले नव्हते. पाणी गेले. आता पाहुणा आपल्या दारात उभा आहे आणि या वेळी दार आपले आहे. ते कोणत्या अटीवर उघडायचे, हे बैठकीत बसून ठरवू.