गळत नाही, म्हणून धड?

नागाव, काशीदच्या वाळूत पर्यटकांना चकरा मारून आणणाऱ्या क्वाड बाइकच्या मालकांना मागच्या शॉकअपबद्दल विचारावं, तर उत्तर ठरलेलं असतं. ‘गळत नाही ना? मग काय झालंय त्याला!’ पुण्यामुंबईकडच्या डोंगरात हौसेने एटीव्ही पळवणारेही हेच म्हणतात. हे म्हणणं मुळातूनच चुकलेलं आहे. त्या गाडीवर परक्याचं मूल बसतं, म्हणून ते चुकलेलं आहे असं मोठ्याने सांगणं मला भाग वाटतं.

शॉकअपमध्ये दोन वेगळी कामं चालतात. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते. आतला डँपर त्या स्प्रिंगचं उसळणं थांबवतो. खड्ड्यात चाक वर येतं तेव्हा दांड्याच्या टोकाचा पिस्टन तेलातून सरकतो. तेल बारीक भोकांतून आणि पातळ पत्र्याच्या चकत्यांमधून रेटलं जातं आणि हिसक्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते. हे काम करणारं तेल असतं जेमतेम चहाच्या कपात मावेल एवढं. तेच तेल तापतं, निवतं, घुसळलं जातं, त्यात पिस्टनच्या पट्ट्याची आणि नळीची झीज मिसळत जाते. हळूहळू ते पातळ होतं, काळवंडतं. या सगळ्यात सीलला काहीच झालेलं नसतं. म्हणजे तेल बाहेर न येता आतल्या आत संपून जाऊ शकतं. गळती दिसली, तर ती आजाराची शेवटची खूण समजावी.

यावर कोणी म्हणेल, शॉकअप कामातून गेला तर चालवणाऱ्याला कळणारच. नाही कळत. दररोज थोडा थोडा मऊ होत जाणारा शॉकअप चालवणाऱ्याच्या अंगवळणी पडतो. दुसऱ्या, नीट राखलेल्या गाडीवर बसल्यावरच फरक लक्षात येतो.

दुसरा युक्तिवाद याहून फसवा आहे. ‘गाडी मागे बसली आहे ना, मग स्प्रिंग दाबणारी प्रीलोडची रिंग चार आटे आवळा.’ गाडी उंच दिसते, मालक खूश. पण रिंग आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीत आणि वेढ्यांत असतो. आवळल्याने फक्त गाडीची उभी राहण्याची उंची बदलते. मेलेलं तेल जिवंत होत नाही. उलट जास्त दाबलेली स्प्रिंग सोडताना चाकाला जोराने खाली ढकलते आणि तिला आवरणारा डँपर तर दुबळा झालेला. अशी गाडी उंचवट्यावरून जाताना मागून उसळते. बऱ्याच स्पोर्ट क्वाडना मागे अखंड धुरा आणि एकच शॉकअप असतो. तो चुकला तर सावरायला दुसरा नसतो. त्यातून बऱ्याचशा क्वाड एकट्या चालकासाठी बनवलेल्या असतात. मागे दुसरा माणूस बसला की त्याचं वजन त्याच एका शॉकअपवर पडतं.

तिसरा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा मान्य करायला हवा. ‘हे उघडत नाहीत, गेले की नवे घालायचे.’ स्वस्तातल्या पुष्कळ गाड्यांवर तोंड दाबून बंद केलेले शॉकअप येतात. ते खरोखरच दुरुस्तीसाठी बनवलेले नसतात, ते वेळेवर बदलणं हाच उपाय. पण ज्यांच्या तोंडाशी सर्कलिप किंवा आट्याचं झाकण आहे, बाजूला गॅसची वेगळी टाकी आहे, ते उघडण्यासाठीच घडवलेले आहेत. त्यांत तेल, सील, वायपर, बुश सगळं बदलता येतं. असा शॉकअप भंगारात टाकणं म्हणजे तेल न बदलल्याने इंजिन फेकून देण्यासारखं आहे.

फक्त तो उघडायचा कोणी, हा प्रश्न गंभीर आहे. आत तेलाशेजारी नायट्रोजन भरलेला असतो. तो तेलावर दाब ठेवतो, म्हणून पिस्टनच्या मागे पोकळी होऊन फेस धरत नाही. हा दाब साधारण दीडशे-दोनशे पीएसआय, काहींत त्याहून अधिक. एटीव्हीच्या टायरमध्ये चार-सात पीएसआय हवा असते, त्याच्याशी ताडून पाहा. गॅस न सोडता झाकण काढलं तर ते गोळीसारखं सुटेल. मी एकदा दुरुस्तीला दिलेला शॉकअप कॉम्प्रेसरची हवा भरून परत आला होता. ‘हवेत नायट्रोजनच तर असतो,’ असं वर ऐकवलं गेलं. असतो, सुमारे 78 टक्के. पण उरलेल्यात तेलाला खाणारा ऑक्सिजन असतो, आणि किनाऱ्यावरच्या हवेत दमट वाफ असते. ती तापली की दाब बदलतो आणि आतून गंज धरतो. एका महिन्यात तो शॉकअप पुन्हा उतरवावा लागला. कोरडा नायट्रोजन आणि योग्य रेग्युलेटर असलेल्या माणसाकडेच हे काम द्यावं. पुण्यामुंबईत रॅलीच्या गाड्या करणारे असे लोक आहेत.

मग मालकाने करायचं काय? तपासणी, आणि ती घरच्या घरी होते. गाडीचा मागचा भाग उचलून चाक वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर बुश किंवा लिंकेजचं बेअरिंग झिजलं आहे. दांड्यावरून बोट फिरवा. तेलाची पुसट ओल चालते, थेंब चालत नाही. नखाला लागणारी खाच असेल तर नवं सीलही टिकणार नाही, आधी दांडा बदला किंवा त्यावर पुन्हा हार्ड क्रोम चढवून घ्या. स्प्रिंग उतरवता येत असेल तर दांडा हाताने आत ढकला. प्रतिकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा हवा. मध्येच पोकळ झोल लागला तर तेलात हवा शिरली आहे. धुताना प्रेशर वॉशरचा झोत सीलवर मारू नका, तो वाळू आत ढकलतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा आणि लिंकेजला ग्रीस द्या.

‘सीझनमध्ये गाडी उभी ठेवायची कशी?’ हा शेवटचा आक्षेप. हिशेब करून पाहा. दहा मिनिटांची एक चक्कर, दिवसाला तीस चकरा, म्हणजे पाच तास. दहा दिवसांत पन्नास तास. हौशी माणूस वर्षभर रविवारी जितकं चालवतो, तितकं किनाऱ्यावरची गाडी पंधरवड्याच्या आत चालते. म्हणून शॉकअपचं काम तासांवर मोजायला हवं, वर्षांवर नाही. गाडीवर तासमीटर नसेल तर वहीत चकरा मांडा. सीझनच्या मधोमध निदान वरची तपासणी करा. मोठं काम जूनमध्ये काढा. किनारा रिकामा असतो, गाडी ताडपत्रीखाली उभी असते आणि शॉकअप उतरवायला दोन-चार बोल्टच काढावे लागतात.